न धुतलेली चिंधी

माझ्या सासूबाईंच्या टापटिपीपुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते. सावद्याजवळच्या आमच्या गावात केळीच्या बागा असलेली घरं पुष्कळ, पण आमच्या ओट्यावर चढताना माणूस आधी आपले तळवे बघायचा. मी शिंदखेड्याकडची, बोलण्यात अहिराणीचा 'शे' घेऊन आलेली. पहिली दोन वर्षं माझं बोलणं आणि माझं भांडी घासणं, दोन्हींवर त्या हसायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. या बाईला कौतुक करता येत नाही, असं माझं ठाम मत झालं होतं आणि ते मी नवऱ्याला ऐकवलंही होतं.

एवढ्या स्वच्छ बाईचं तोंड मात्र आतून सडत होतं. हिरड्यांतून वर्षानुवर्षं रक्त यायचं. त्यावर इलाज एकच, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री. रक्त आलं की मिश्री, दात हलला की मिश्री. कापूस वेचताना दातात काही अडकलं तर वाळल्या बोंडाच्या टोकानं कोरायचं, ही तर सगळ्याच बायांची रीत. मग एका हिवाळ्यात उजव्या जबड्याखाली गाठ आली. टणक, फारशी न दुखणारी. कुणी बिब्बा घातला, कुणी डाग दिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत. गाठ फुटून वाहू लागली. एक भोक बुजलं की शेजारी दुसरं पडायचं. हळूहळू जबडा इतका आवळला की तोंडात जेमतेम एक बोट जाई. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कडेसकट चावणारी बाई पेजेवर आली आणि सहा महिन्यांत निम्मी झाली.

जळगावच्या एका मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कॅन्सर दिसतो, जबड्याचं हाड काढावं लागेल. तारीखही दिली. आत्याबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "मले कापू नका. हाये तशी जाऊ द्या." त्या दिवशी माझा नवरा मळ्यातून परतला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते.

ऑपरेशनआधी हलणारे दात दाखवून घ्या म्हणून मोठ्या डॉक्टरांनीच आम्हाला तिथल्याच एका दाताच्या डॉक्टरांकडे धाडलं. माणूस किडकिडीत, दवाखाना एका खोलीचा, दात कोरायचं यंत्र पायानं चालवायचं. पण बघणं असं की मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही. बोटांनी जबडा चाचपताना ते डोळे मिटून घेत. तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला ते जबड्यावरची पट्टी सोडत, आत बघत आणि पुन्हा यायला सांगत. तिसऱ्या खेपेला विचारलं, "पट्टी कधी बदलली?"

"आत्ताच, स्टेशनवर," मी मान वर करून सांगितलं. जखम धुवायला कडुनिंबाचं पाणी मी घरून बाटलीत घेऊन जायची. डॉक्टरांपुढे घाण घेऊन जायचं म्हणजे काय?

ते स्टुलावर बसले. "वहिनी, चोरी झालेलं घर तुम्ही दर वेळी सारवून दाखवता. मी चोर शोधायचा कसा? पुढच्या वेळी कालची पट्टी आणा. धुऊ नका."

परतीच्या गाडीत आत्याबाई आवळल्या दातांतून म्हणाल्या, "आपली घान परक्या मानसाले दाखोतं का कोनी? चुलीत जायून टाकजो." झाकली मूठ सव्वा लाखाची, यावर त्यांचा सगळा संसार उभा होता. ऑपरेशनला आठवडा उरला होता. मी पहिल्यांदाच त्यांच्या शब्दाबाहेर गेले. आदल्या दिवशीची चिंधी केळीच्या पानात गुंडाळली आणि पिशवीच्या तळाशी लपवली.

दवाखान्यात ती पुरचुंडी टेबलावर ठेवली तेव्हा आत्याबाईंनी पदर ओढून भिंतीकडे तोंड केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी मात्र ती चिंधी खिडकीजवळ नेली आणि सुईच्या टोकानं पुवातून काहीतरी वेचलं. राजगिऱ्याएवढे पिवळे दाणे. एक दाणा दोन काचांमध्ये दाबून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग मलाही बघायला लावलं. मला नुसतं धाग्यांचं गुंतवळ दिसलं.

"कॅन्सर नाही, आक्का," ते पाठमोऱ्या आत्याबाईंना म्हणाले. "हा जंतूंचा रोग आहे. फार क्वचित होतो, मी पुस्तकातच पाहिला होता. हे जंतू सगळ्यांच्या तोंडात असतात, माझ्याही. हिरडी धड असली की गुमान राहतात. तुमच्या हिरडीनं त्यांना वाट दिली."

मग ते ती काच रुमालात गुंडाळून स्वतः मोठ्या डॉक्टरांकडे गेले. मोठ्या डॉक्टरांचंही मला कौतुक वाटतं. त्यांनी बघितलं आणि आपली चूक तिथल्या तिथे कबूल केली. ऑपरेशन रद्द झालं.

सात दात काढले, उरलेल्यांचं कीटण खरवडलं, मिश्री बंद. सावद्याच्या दवाखान्यात रोज पेनिसिलिनची सुई. गाठ बसली तरी महिनोन्‌महिने सुई चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्याबाईंनी एकही सुई चुकवली नाही. पण माझ्याशी बोलणं बंद. काही हवं असलं की नवऱ्याकडे बघून म्हणायच्या, "तिले सांग." मी चुलीपुढे बसून किती वेळा रडले, ते चुलीलाच ठाऊक.

केळीचा पुढचा घड उतरला तेव्हा आम्ही शेवटचं जळगावला गेलो. डॉक्टरांनी विचारण्याआधीच आत्याबाईंनी पदर खाली घेतला आणि आपली तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवली. डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. माझ्याकडे मात्र आत्याबाईंनी तेव्हाही बघितलं नाही.

मग चारेक दिवसांनी शेजारची एक बाई पायाला जखम घेऊन दवाखान्यात निघाली होती. आमच्या दारात थांबून तिनं पाय धुवायला पाणी मागितलं. आत्याबाई ओट्यावर बसून भाकरीची कड चावत होत्या. मी आत पातेली घासत होते.

"धुऊ नको व माय," त्या म्हणाल्या. "हाये तसाच दाखव. माह्या सुनेले इचार. तिनं माही लाज राखली नही, म्हनून मी आज भाकर खाऊ राह्यली."

मी पातेलं खाली ठेवलं आणि राखेच्या हातांनीच बाहेर गेले. आत्याबाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. बाजूला सरकून ओट्यावर मला जागा केली.