संत बार्थोलोम्यूच्या सणाला

आज इथे परदेशात, आमच्या अवोन्डेलच्या चर्चमध्ये प्रेषित संत बार्थोलोम्यूच्या सणाची मिस्सा झाली. शेवटी मेणबत्त्या विझवल्या आणि त्या धुराच्या वासाने मला कितीतरी वर्षांपूर्वीचा असाच एक ऑगस्ट आठवला.

तेव्हा आई वसईहून आली होती. इथे ऑगस्टात हिवाळा असतो, पण त्या गारठ्यातही ती तिचं लाल लुगडं नेसूनच मिस्सेला आली. नंतर चहा घेताना एका वयस्कर बाईंनी कुतूहलाने विचारलं, "तुम्ही लोक ख्रिस्ती कधी झालात?"

मी अर्थ सांगितला, तशी आई ताठ झाली. "सांग त्यांना, जिवंतपणी कातडी सोलली तरी ज्याने येशूला सोडलं नाही, तो हाच बार्थोलोम्यू कल्याणला आला होता. तेव्हापासून आम्ही ख्रिस्ती, असंच आमची जुनी माणसं सांगत आलीत."

मी बोलायच्या आत माझी लहानगी रिया पुढे झाली. तिला मराठी कळायचं, पण उत्तर ती इंग्रजीतच द्यायची. आजीचं सगळं म्हणणं तिने इंग्रजीत सांगितलं. बाईंनी कप खाली ठेवला आणि आईचे दोन्ही हात हातात घेतले.

तेव्हा मला आईचा अभिमान वाटला होता. आज मात्र रियाचेच शब्द कानात घुमतात. इथे जन्मलेली, कल्याण कधीच न पाहिलेली माझी पोर त्या बाईंना म्हणाली होती, "अवर कल्याण."