पायाळू मेव्हण्यांची लाथ

उजव्या पायाला मुंग्या येतात हे लपवून मी मेव्हण्यांकडे लाथ मागायला गेलो, हा माझा शुद्ध मूर्खपणा. आमच्या हिचे हे चुलतभाऊ म्हणजे अख्ख्या सुरतेत सगळ्यांत जास्त संतापून परोपकार करणारा माणूस. ते पायाळू, म्हणजे जन्मताना पायांनी बाहेर आलेले. आणि पायाळू माणसाने कमरेत लाथ घातली की उसण जाते, ही समजूत आम्ही खान्देशी मंडळींनी गावाकडून येताना ट्रंकेतून बरोबर आणलेली. त्या नव्वदीच्या दशकात बमरोलीतल्या त्यांच्या खोलीपुढे रोज सकाळी वाकडी झालेली माणसं उभी असत. मेव्हणे दात घासत, फेस उडवत बाहेर येत आणि लाथेआधी उलटतपासणी घेत. "काय उचललं? गुडघे वाकवले होते का? का नुसती कंबर?" दिवसभर लूमवर उभा असतो म्हणणाऱ्याला कडाडत, "मग एक पाय विटेवर टेक की! दोन कशाला दिलेत?" शेजारच्या काकूंची झोळ पडलेली खाट तर त्यांनी स्वतः गल्लीत फेकली आणि काकूंना सतरंजीवर निजवलं. मग लाथ मारत, तीही इतकी हलकी की मांजर अंगावरून गेल्यासारखं वाटावं. "माझ्या पायात काही नाही रे! तुमच्या उचलण्यात आहे, बसण्यात आहे!" लोक भक्तिभावाने नमस्कार करत आणि दुसऱ्या दिवशी तसंच वाकून कापडाचं पोटलं उचलत. मेव्हणे चिडणार नाहीत तर काय करतील?

मीही पर्वत पाटिया भागातल्या दुकानात शेठसमोर मर्दुमकी दाखवायला साड्यांचा गठ्ठा एका झटक्यात उचलला होता.

"पायात काही होतंय?" त्यांनी विचारलं.

"छे!" म्हणून मी पाठ करायला वळलो. उजवी चप्पल मागेच राहिली. मला कळलंसुद्धा नाही. मेव्हण्यांना कळलं.

"दाजी, तुम्हले अक्कल से का? शीर दाबली गेलीय आणि लाथ मागता? चला दवाखान्यात!"

दवाखाना म्हणजे ऑपरेशन, या धास्तीने मीही पेटलो. "एक लाथ मारायला तुमचं काय जातं?"

ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या वेळी आईलाही न्यायचं होतं दवाखान्यात. सगळे म्हणाले, थांबू, होईल. मी आलो, ती गेली."

रांगेतल्या कुणालाच पुढे लाथ मागवेना. मेव्हण्यांनी मला रिक्षात कोंबलं आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्यावर ओरडत दवाखाना गाठला. मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. ऑपरेशन टळलं, पाय वाचला.

आता मेव्हणे नाहीत. परवा घरातलं सिलिंडर हलवताना मी आधी गुडघे वाकवले, सिलिंडर छातीशी घेतलं आणि सावकाश उठलो. कुणी ओरडलं नाही, म्हणून उगीच थांबून राहिलो. दारातून ही बघत होती.

"हे तेव्हाच जमलं असतं," ती म्हणाली, "तर दादाचा घसा तरी वाचला असता."