ओबेद लोहाराचे बारा पंच

आमच्या वस्तीत तुरुंग नव्हता. मेक्सिकोच्या मुलखात, ब्राझोस नदीच्या काठी, बाहेरून येऊन वसलेल्या आमच्या लोकांची ओंडक्यांची घरं, मक्याची शेतं आणि ओबेद पिंकहॅमची भट्टी, एवढंच होतं. कुणाला धरलंच, तर भट्टीमागच्या ओकच्या खांबाला साखळीनं बांधून ठेवत. साखळी ओबेदच घडवी. कापसाच्या मळ्यांसाठी बेड्याही तोच घडवी. त्या ज्या गुलामांच्या पायांत पडत त्यांचं गाऱ्हाणं आमच्या कुठल्याच अर्जात कधी आलं नाही.

मग एके दिवशी त्या खांबाला ओबेदचाच मुलगा बांधला गेला. घोड्यांच्या शर्यतीवरून भांडण झालं आणि जेरेडच्या हातून माइल्स टकर मेला. सुरा आधी माइल्सनं काढला, असं जेरेडचं म्हणणं. पण खुनाचा निवाडा करण्याचा अधिकार आमच्या अल्काल्देला, म्हणजे गावच्या प्रमुखाला नव्हता. कागद दूर साल्तियोला, राज्याच्या राजधानीत जात. तिथल्या न्यायाधीशाला आमची भाषा येत नसे आणि त्याला घाईही नसे. जेरेडचे कागद गेले. उत्तर आलं नाही.

साखळी भात्यापर्यंत पुरेल एवढी लांब होती. बाप घण मारी, मुलगा भाता ओढी.

"ओबेद, साखळी तुझी, छिन्नी तुझी," शेजारचा हायरम म्हणायचा. "घाल की एक घाव. वाट कुणाची बघतोस?"

"मला पळालेला मुलगा नकोय. सुटलेला हवाय."

त्याच सुमारास सान फेलिपे गावात आमच्या लोकांची मोठी सभा भरली. मेक्सिकोच्या सरकारकडे अर्ज करायचा ठरला: आम्हाला वेगळं राज्य द्या, न्यायालय इथंच द्या, निवाड्याला बारा शेजारी पंच म्हणून बसू द्या. अर्ज फार लांबलचक झाला तेव्हा काहीजण पंचांचं कलम गाळायला निघाले. चारचौघांत कधी तोंड न उघडणारा ओबेद उठून उभा राहिला. "बाकी काय हवं ते गाळा," तो म्हणाला, "ते राहू दे." आणि तो उभाच राहिला. कलम राहिलं.

सान अंतोनियोहून मीठ आणि मिरच्या घेऊन येणारा मेक्सिकन गाडीवान अन्सेल्मो चाकाची लोखंडी धाव बसवायला भट्टीवर थांबला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मागणं तुमचं बरोबर आहे. आम्हीही तेच मागतो. रीत चुकली."

"कसली रीत?" ओबेदनं विचारलं.

"अर्ज गावच्या मंडळानं करायचा असतो. लोक आपले आपण जमले आणि ठराव केला, की मेक्सिकोत समजतात, आता मागून बंदुका येणार."

"आमच्यात शाळा बांधायची झाली तरी अशीच सभा भरते."

"मग शाळेपायीसुद्धा कैद होईल तुम्हाला," अन्सेल्मो हसून म्हणाला.

पुढे खरंच अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला तिकडे कोठडीत टाकलं. बातमी आली तसा ओबेद कमरेला बांधलेलं कातडं न सोडताच अल्काल्देच्या दारी गेला.

"मंडळ बोलवा. आता तुमच्या रीतीनं लिहू."

"पुन्हा? अरे, पहिल्याची शाई तरी वाळू दे."

"तोवर पोरगा म्हातारा होईल माझा."

दुसरा अर्ज मंडळाच्या शिक्क्यानिशी गेला. काही महिन्यांनी राजधानीहून नवा कायदाही आला: न्यायालय मिळेल, पंच मिळतील. ओबेदनं भट्टीसमोर बारा ओंडके मांडून ठेवले. न्यायाधीश काही आला नाही. ओंडक्यांवर कोंबड्या बसू लागल्या. रोज सकाळी ओबेद त्यांना हाकलून ओंडके पुसून घ्यायचा.

आणि मग मेक्सिकोच्या सरकारशी लढाईच पेटली. हायरम वीसेक माणसं आणि एक गाडी घेऊन दारात आला.

"तोफ आहे, गोळे नाहीत. नाल, खिळे, काय असेल ते दे. ती साखळीसुद्धा."

"देतो," ओबेद म्हणाला. "आधी बारा जण बसा."

"अरे, ही काय वेळ आहे?"

"हीच. ज्याच्यासाठी लढायला निघालात ते इथं करून दाखवा. नाहीतर लोखंड नाही."

माणसं चुळबुळत ओंडक्यांवर बसली. त्यांत मेलेल्या माइल्सचा भाऊ वायली होता. ओबेदनं त्याला उठवलं आणि दुसऱ्याला बसवलं. "तू नको. तू त्या दिवशी तिथं होतास. तू सांग."

वायलीनं टोपी काढली. "सुरा माइल्सनं आधी काढला," तो म्हणाला. "पण हा मागं सरला असता तर माझा भाऊ आज असता."

बारा जण नदीकडे जाऊन बोलून आले. हायरम पुढे झाला. "खून नाही. पण माइल्सच्या बायकोचं शेत जेरेडनं नांगरायचं. ती पुरे म्हणेपर्यंत."

"बाराही जणांचं हेच म्हणणं?"

"बाराही जणांचं."

ओबेदनं छिन्नी घेतली. एका घावात तुटेना. साखळी चांगली घडवली होती त्यानं. शेवटी तुटली आणि गाडीत जाऊन पडली. हायरमनं जेरेडपुढे बंदूक धरली.

ओबेदनं ती हातानं बाजूला सारली.

"आधी नांगर," तो म्हणाला.