अकरा नंबरचे चौकोन

साळवे मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वैजापूरच्या मार्केट यार्डात बाबांसोबत कांद्याच्या गोण्यांपाशी उभी होते. वर्गाच्या ग्रुपवर एवढंच होतं, 'लॅबवाले साळवे मामा गेले. झोपेतच.' बाबांनी विचारलं, "कोण गं?" मी म्हणाले, "कॉलेजातले एक मामा." बाबांना वाटलं, कुणी शिपाई असतील. नोकरीला लागले तेव्हा ते शिपाईच होते... पण पुढचं मला तिथं सांगता आलं नाही. त्याला सहा आठवडे झाले. ते राहिलेलं आज लिहून बघते. नीट जमेल का, माहीत नाही.

मामा शेंद्र्याहून यायचे. दुरुस्तीला येणाऱ्या माणसांपुढं बॅटरी धरता धरता ते कॉम्प्युटर शिकले आणि पुढं लॅब असिस्टंट झाले. लॅबमध्ये बिघाडाचं एक सरकारी थाटाचं रजिस्टर होतं. त्यात एक रकाना होता, 'बिघाडाच्या वेळी बसलेल्या विद्यार्थ्याचे नाव'. मामांची मात्र स्वतःची वेगळी वही होती. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले चार रिकामे चौकोन. स्क्रीन बिघडली की ते पेन्सिल पुढं करायचे आणि म्हणायचे, "जे दिसलं ते काढ. जे वाटलं ते नको. अन् खाली वेळ लिही."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बजाजनगरला मावशीकडे राहत होते आणि कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तो याच लॅबमध्ये. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. कॉलेजात टँकरचं पाणी पिण्यालाच पुरत नव्हतं, म्हणून लॅबचे कूलर कोरडे पडून होते. माझी बॅच दुपारची आणि मशीन अकरा नंबरचं. अर्ध्या तासानं त्याच्या स्क्रीनवर हिरवे ठिपके यायचे, मग जांभळ्या उभ्या रेघा, मग सगळं थिजून जायचं. सकाळच्या बॅचला तेच मशीन व्यवस्थित चालायचं. त्यामुळं रजिस्टरात तीन वेळा माझंच नाव लागलं. वर्गातला सागर ओरडायचा, "हिच्या हाताला करंट हाय, सरका बाजूला." सगळे हसायचे. मीही हसायचे, पण मला ते खरं वाटू लागलं होतं. मी हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. माउस रुमालात धरू लागले. विभागप्रमुख सरांनी बोलावून सांगितलं, आता आणखी एकदा झालं तर वडिलांना घेऊन यायचं. बाबा रागावले नसते. त्यांनी सरांपुढं हात जोडले असते आणि माझी बॅग उचलून मला घरी नेलं असतं... मला त्याचीच भीती होती.

चौथ्यांदा रेघा आल्या तेव्हा मी स्क्रीनचं बटण बंद करून गप्प बसले. मामा मागं येऊन उभे राहिले.

"काय झालं?"

"काही नाही, मामा."

"मग बंद स्क्रीनकडं काय बघती? आरसा हाय का?"

त्यांनी वही पुढं सरकवली. मी काढलं. रुमाल कशाला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तेही सांगून टाकलं. ते हसले नाहीत. त्यांनी केबल बदलून पाहिली, रेघा तशाच. माझा मॉनिटर शेजारच्या मशीनला लावला, तर तिथं चित्र स्वच्छ. मग अकरा नंबर बंद करून लगेच पुन्हा सुरू केलं. सुरुवातीला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात ना, त्या अक्षरांवरही रेघा होत्या. "बघ," मामा म्हणाले, "अजून विंडोज जागं झालं नाय. तू कशाला हात बी लावला नाय. मग तू काय बिघडवलं?"

मी माउसवरचा रुमाल काढला. पण सरांना एवढं पुरणार नाही, हे मामांना ठाऊक होतं. त्यांनी आठवडाभर रोज दुपारी अकरा नंबरवर वेगळ्या विद्यार्थ्याला बसवलं आणि प्रत्येकाकडून चौकोन भरून घेतला. पहिला सागरच. वीस मिनिटांत हिरवे ठिपके आले. मामा शांतपणे म्हणाले, "सागरराव, करंट तुमच्या बी घराण्यात दिसतो."

आठवड्यानंतर त्यांनी मशीन बंद करून डबा उघडला आणि स्क्रीनवर चित्र पाठवणारं ग्राफिक्स कार्ड मलाच काढायला लावलं. कार्डावरचा छोटा पंखा धुळीनं जाम झालेला, कार्ड अजून चटका बसेल इतकं गरम. कार्डाशिवायही चित्र दाखवणारी एक जोडणी मशीनला असते, मॉनिटरची केबल तिथं लावली, तर दिवसभर एक ठिपका आला नाही. "पंखा मेलेला, कूलर कोरडे, त्यात दुपारचं ऊन. सकाळी थंड असतं म्हणून चालतं," मामा म्हणाले. मग एका हातात कार्ड आणि दुसऱ्या हातात वही घेऊन ते सरांच्या केबिनमध्ये गेले. मी दाराशी थांबले. सरांनी पानं चाळली आणि विचारलं, "यावर नावं कुठं आहेत?"

"नावं नसतात, सर. तुम्हीच सांगा, ह्यातला पोरीचा कोणता."

सरांनी वही मिटून परत दिली. बाबांना बोलावणं गेलं नाही.

मी मामांचे आभार मानायला गेले, तर ते म्हणाले, "ते राहू दे. सात नंबरची धूळ काढ आधी." पुढची तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर धूळच काढली म्हणा. आज एम.एस्सी. करते आहे, ती तिथूनच.

मागच्या आठवड्यात लॅबमध्ये गेले होते. आता तिथं एसी आहे, मशीनं नवी आहेत. वही मात्र मामांच्या खणात तशीच होती. शेवटच्या पानांवरचे चौकोन आखून ठेवलेले, रिकामे. मी मागं जाऊन त्या उन्हाळ्याची पानं काढली. अकरा नंबर, दुपारचे दोन, अडीच, सव्वादोन... सगळीकडं तेच ठिपके, त्याच वाकड्या रेघा. माझा चौकोन शोधत मी कितीतरी वेळ उभी होते. मलाही तो ओळखता आला नाही.