मैनाबाईचं जेवण

माह्या बायकोचं नाव मैनाबाई. बाभुळगाव तालुक्यात आमचं गाव, कापूस-तुरीचं वावर, अन् मैनाच्या हातचे कढीगोळे पाच गावांत माहीत. तुरीची डाळ भिजवून वाटायची, तिचे गोळे वळायचे अन् उकळत्या कढीत सोडायचे. ऐकायले सोपं आहे. करून पाहा, अर्धे गोळे कढीत विरघळतात. मैनाचा एक फुटत नाही.

मी तापट माणूस, हे कोणीही सांगन. मैना शांत. पण शांत म्हणजे गरीब गाय नाही, बरं का! एखाद्या गोष्टीवर अडली का बैलजोडी लावूनही हलत नाही. राखीचं तसंच झालं. राखी म्हणजे शेजारच्या तांड्यावरच्या खेमसिंगची पोरगी. दहावीनंतर कॉलेजले जायले आमच्या गावातून एसटी होती, तांड्यावरून नव्हती, म्हणून खेमसिंग तिचं शिक्षण बंद करून राह्यलता. मैना तांड्यावर गेली अन् पोरीले पेटीसकट घरी घेऊन आली. मी लय तणतणलो.

"काहून आणली? मले विचारलं तरी का?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं," मैना म्हणे, अन् भाकर थापत बसली.

दोन वर्षं ती पोरगी आमच्या घरी राह्यली. तिचा अभ्यास चुलीजवळ, गप्पा चुलीजवळ. मग नागपूरले हॉटेलचं शिक्षण घेतलं, मोठ्या शहरात नोकऱ्या केल्या, अन् आता पांढरकवड्याच्या पुढं, टिपेश्वरच्या जंगलापाशी जे मोठं रिसॉर्ट झालं, तिथली मुख्य शेफ आहे. वाघ पाहायले आलेले हैदराबादचे, नागपूरचे लोक तिच्या हातचं खातात.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "काका, सोमवारपासून माहं नवीन जेवण सुरू होऊन राह्यलं. टेस्टिंग मेनू. म्हणजे अकरा बशा, एकामागून एक, घासभर घासभर. सगळं आपल्याकडचं. पाचव्या बशीत मावशीचे कढीगोळे आहेत. आमच्या मालकाले ते पसंत नाहीत, गावठी वाटतात. मी म्हटलं, मावशीनं नापास केले तरच काढीन. रविवारी दुपारी तिले घेऊन या. पहिलं ताट तिचं."

मैना म्हणे, "मी कोण बाई पास-नापास करणारी?" पण रविवारी सकाळीच ठेवणीतलं पातळ नेसून दारात उभी होती.

तिथं गेलो तं बाप्पा, काय थाट! काचेची भिंत, पलीकडं सागाचं रान, अन् टेबलावर एवढा मोठा रुमाल का धोतर म्हणून नेसता यावा. वाढायले संजय नावाचा एक माणूस होता, मोठा अदबीचा. त्यानं पहिली बशी आणली. काळा दगड, अन् त्यावर बोराएवढा एक वडा. एकच! मग हात बांधून सांगायले लागला, का डाळ कोणत्या मातीतली, जात्यावर कशी दळली.

"बापू," मी म्हटलं, "आम्ही जेवायले बसलो का कीर्तनाले?"

तो हसला. मी वडा तोंडात टाकला अन् गप झालो. काय सांगू तुम्हाले! दुसऱ्या बशीत ज्वारीच्या कण्या अन् ताक, तिसरीत रुपयाएवढी भाकर अन् अंबाडीची भाजी, चौथीत निखाऱ्यावर भाजलेला, लिंबाएवढा कणकेचा रोडगा वांग्याच्या भाजीवर. सगळं ओळखीचं, अन् तरी नवीन. मी बशी चाटायचा तेवढा बाकी होतो. संजय रिकामी बशी उचले, भरलेली ठेवे.

चौथ्या बशीले माही नजर समोर गेली. मैनापुढं चार बशा जशाच्या तशा. तिनं बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"काहून खात नाहीस?" मी दबक्या आवाजात डाफरलो.

"खाईन ना. तुमचं होऊ द्या."

संजय घाबरला. "मॅडम, थंड होऊन राह्यलं. गरम करून आणू?"

"राहू दे बापू. मले थंडाचीच सवय हाये."

तो पाचवी बशी घेऊन आला. खोलगट वाटीत पिवळी कढी अन् मधोमध एक गोळा. मी खाल्ला. मैनाची वाटी पाचवी म्हणून रांगेत लागली. बाजूच्या टेबलावरचे लोक पाहायले लागले. माहं डोकं तापलं. म्हटलं, ही बाई आज पोरीची इज्जत घालवते!

तेवढ्यात राखीच बाहेर आली. पांढरा कोट, कपाळावर घाम, डोळे भरलेले. आतून ती एक-एक बशी मोजत असन, कोणती रिकामी येते अन् कोणती येतच नाही.

"मावशी, बिघडलं का? खरं सांग. मी काढून टाकतो गोळे, मले राग नाही येणार."

"अवं बिघडीन कायले? कढीचा वास घेऊन तं जीव कासावीस होऊन राह्यला माहा." मैनानं माह्याकडं बोट केलं. "पण ह्यायचं जेवणच संपत नाही. किती बशा हायेत अजून?"

"सहा."

"मंग ह्यायच्या सहा होऊ दे. मी बसतो मागून."

राखीनं फक्त माह्याकडं पाह्यलं. दोन वर्षं चुलीजवळ बसलेली पोरगी ती, आमच्या घरातलं तिले काय नवीन? माह्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, पण राग नव्हता तो.

मी मैनाले कधी म्हटलं नाही का तू मागून जेव. अगदी शपथेवर सांगतो. पण सोबत बस, असंही कधी म्हटलं नाही. माह्या मायच्या वेळचं चालत आलं, चालू राह्यलं. मी जेवायचो, हात धुवायचो अन् पान लावायले ओसरीवर जायचो. आत ती कधी जेवली, काय उरलं होतं, उरलं होतं का नाही, मले ठाऊक नाही. बेचाळीस वर्षं!

आता मी कितीही सांगितलं असतं, "खा, खा," तरी ती खाणारी नव्हती. मी तिले ओळखतो. एकच इलाज होता. मी काचेचा पेला उचलला अन् त्या हजार रुपयाच्या नाजूक वाटीतच भडाभडा पाणी ओतून हात धुतला.

"सर!" संजय ओरडलाच.

"झालं माहं जेवण," मी म्हटलं. "उचल वाटी. माह्यासाठी आता काहीच आणू नको."

आमच्याकडं ताटात हात धुतला का माणूस उठला. मग पंचपक्वान्न आलं तरी शिवत नाही. मैना माह्याकडं पाहतच राह्यली. "अवो, सहा बशा राह्यल्या ना तुमच्या!"

"त्या बी तुह्याच. जेव."

तिनं पदर सावरला. वाटी जवळ ओढली, दोन बोटांनी गोळा मोडला, कढीत बुडवला अन् पहिला घास घेतला. राखी खुर्चीची पाठ धरून उभी होती. मैनानं सावकाश चावलं. मग वाटी उचलून तोंडाले लावली अन् कढी पिऊन टाकली, आवाज करून, सगळ्या लोकांसमोर.

"मी मेथी आधी टाकतो, तू मागून टाकली," ती म्हणे. "तुहंच बरोबर हाये, पोरी. मी चाळीस वर्षं चुकली. तुह्या मालकाले सांग, हे गोळे काढले तं मी येईन भांडायले."

राखीनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं अन् लहान लेकरासारखी रडली.

"रडतेस काहून? जाय, तिकडं काही करपीन." मैनानं तिले पाठीवर थापटी मारून आत पिटाळलं.

मग बशा येत राह्यल्या, गरम. आधीच्या चार नव्यानं, मग सहावी, सातवी, आठवी. मी अर्धपोटी बसून पाहत होतो. माही बायको घास घ्यायच्या आधी अन्न बोटांनी जरा दाबून पाहते. भाकरीचा काठ आधी खाते, मधलं शेवटी. काही फार आवडलं का डोळे मिटते, अन् डावा हात आपोआप मांडीवर थापटत राहतो. हे मले त्या दिवशी समजलं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. देवानं दाखवलं तरी, म्हणून हात जोडावे वाटले. दाखवलं नसतं तं मी तसाच मेलो असतो.

नवव्या बशीले माह्यानं राहवलं नाही.

"मैना," मी म्हटलं, "आजवर तुह्या हातचं गरम गरम खाल्लं. लय सुख दिलं तू मले. कधी बोललो नाही..."

तिनं डोळे उघडले नाहीत.

"अवो, गप बसा जरा," ती म्हणे. "मले जेवू द्या."