थेंबमामा आणि निम्मा पाऊस

थेंबमामांचा पाय घरात ठरेल तर शपथ! पावसाचे दिवस आले की दारात, आत, पुन्हा दारात. बायको म्हणायची, "पाऊस ढगातून पडतो हो, तुमच्या येरझाऱ्यांनी नाही!"

काम म्हणाल तर एवढंसं. रोज सकाळी साडेआठला कुंपणातल्या पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचं, खालच्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, मिलिमीटर वाचायचे आणि धरणाच्या कचेरीला फोन करायचा. पण डोंगरातलं पाणी धरणात पोचायला सहा तास लागत, आणि दरवाजे आधीच उघडायचे की नाहीत ते मामांच्या आकड्यावर ठरे. एकतीस वर्षांत एकही आकडा चुकला नाही, हे त्यांनी दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवलेलं.

त्या वर्षी जुनं माप फुटलं. कचेरीनं नवं पाठवलं. त्यानंतर अकरा दिवस मामांना चैन नाही. आकडे बारके, आणि ओढा मात्र फुगलेला. भरीस भर म्हणून न्हाव्यानं दाढी करता करता डिवचलं, "मामा, तुमचा पाऊस थोडका, मग पुलाखाली एवढं पाणी कुणी ओतलं?"

"अरे, थेंब म्हणजे काय खेळ आहे?" मामा फेसासकट उसळले. "वाफ वर जाते, गार होते, धुळीच्या कणाला धरून बसते. असली दहा लाख थेंबुकली एकमेकांत मिसळतात, तेव्हा कुठं एक थेंब जड होऊन खाली येतो!"

"ते झालं वरचं. खालचं कोण मोजतं?"

मामा अर्ध्या दाढीनिशी घरी आले. सरळ उभ्या कडांचा एक डबा पुसून कोरडा केला. दुसऱ्या दिवशी साडेआठला पर्जन्यमापक रिकामा केला आणि लगेच डबा शेजारी ठेवून दिला. असल्या डब्यात जेवढी खोली, तेवढाच पाऊस. त्याला मापाची गरजच नाही.

रात्रभर कोसळला. सकाळी माप म्हणालं, बेचाळीस. डब्यात पट्टी बुडवली, तर चौऱ्याऐंशी!

मामांनी माप उलटं केलं. बुडाशी दोनशे कोरलेलं. म्हणजे दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाच्या नरसाळ्याचं. त्यांचं नरसाळं शंभराचं, म्हणून त्यातलं पाणी या मापात निम्मंच भरे. अकरा दिवस निम्माच पाऊस कळवला होता.

मामांनी फोन उचलला. आकडा सांगितला तर एकतीस वर्षांचा तोरा गेला. न सांगितला तर धरणाखालची वस्ती...

"साहेब, आज चौऱ्याऐंशी. आणि मागचे अकराही आकडे दुप्पट करा."

पलीकडून धरणाचे अभियंते ओरडले, "अहो, धरण काठोकाठ आहे! एवढं पाणी दुपारपर्यंत येऊन थडकेल!" फोन तसाच उघडा राहिला. त्यातून धावपळ ऐकू आली, मग भोंगा.

मामा पुलावर जाऊन उभे राहिले, परत आले, पुन्हा गेले. दुपारी अभियंत्यांचाच फोन आला. "दरवाजे वेळेवर उघडले. वस्ती कोरडी आहे. आणि माप आमच्याच भांडारातून चुकीचं आलं, नोंदवहीत तसंच लिहा."

"पाठवलं तुम्ही," मामा म्हणाले, "पण बूड न बघता अकरा दिवस वाचलं कुणी?"

त्यांनी वही ओढली, अकरा आकड्यांवर लाल रेघा मारल्या, शेजारी खरे आकडे मांडले आणि शेऱ्यात लिहिलं: 'माप तपासले नाही. चूक माझी.' खाली पूर्ण सही ठोकली.