हरतालिकेला राहिलेल्या चार गोळ्या

"पाच पॉइंट दोन," सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत डॉक्टर म्हणाल्या. "सातच्या वर हवं होतं."

हे माझ्या एन्डोमेट्रियमचं, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचं माप, मिलिमीटरमध्ये. बंगळूरच्या जयनगर भागातल्या दवाखान्यात आमचा एकच गोठवलेला गर्भ उरला होता. आधीचे दोन रुजले नाहीत. हाही गेला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची ताकद माझ्यात नव्हती. अस्तर वाढावं म्हणून एस्ट्राडायोल या संप्रेरकाच्या दिवसाला तीन गोळ्या चालू होत्या.

"एखादी गोळी चुकली का?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मग शरीरच साथ देत नाही. या वेळची उपचाराची सायकल रद्द करू."

बाहेर बाकावर आमच्या घरमालकीण अक्का बसल्या होत्या. माझ्या नवऱ्याची पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळी असली की त्याच सोबत येत. माझं तोंड बघून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. ती बघून मला रडूच फुटलं.

तीन दिवसांपूर्वी हरतालिका होती. सासूबाईंनी गावाहून सांगितलं होतं, "यंदा निर्जळी धर, गौर ओटी भरेल." पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, तर गोळी कशी गिळणार? त्या दिवसाच्या तीन आणि दुसऱ्या दिवशी पारण्याआधीची सकाळची एक, अशा चार राहिल्या. घरातली पहिली पदवीधर मी. डॉक्टरांना हे कुठल्या तोंडाने सांगू, असं मी रडतच अक्कांना विचारलं.

"अगं शहाणे," अक्का त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या, "गौर काय तुझ्या गोळ्या मोजत बसली होती? आत जा. स्वल्प ओरडतील, थोडंसंच, सरी, ठीक आहे. खाणार तर नाहीत!"

गेले. सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"फक्त त्यामुळेच झालं असं नाही म्हणणार. पण मी तुझ्या शरीराला दोष देऊन मोकळी झाले होते. आणखी पाच दिवस घे, मग ठरवू."

ते पाच दिवस नवरा कारखान्यातून फोन करून एवढंच विचारायचा, "घेतली?"

सात पॉइंट चार. मग पाच दिवस प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर गर्भासाठी तयार करणारं औषध, आणि गर्भ आत ठेवला.

या वाटेवरच्या बायांनो, चुकलेली गोळी लपवू नका. अक्कांनी ढकललं नसतं तर मी लाजेपायी गप्पच बसले असते. त्यांचे उपकार विसरणार नाही.

आज संकष्टी. रुजलं की नाही, ते सांगणाऱ्या रक्ततपासणीला अजून नऊ दिवस आहेत. भीती वाटतेच. सकाळी सासूबाईंनी फोनवर विचारलं, "उपास आहे ना गं?"

"नाही, आई. उप्पिट्टू खाल्लं आणि गोळी घेतली."



"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "तुझ्या वाटणीचा मी धरते."